पोट कधीच दुखले नाही, मग अल्सर कसा?

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत, सातारा जिल्ह्यात गावी राहतात आणि अजूनही शेतावर जातात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. तेव्हापासून ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम आणि मेटोप्रोलोल या गोळ्या चालू होत्या. गुडघेदुखीसाठी ते दोनेक वर्षे मेडिकलमधून गोळ्या आणून घेत असत, आणि मध्यंतरी आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुड्याही घेत होते. दिवाळीनंतर त्यांना फार अशक्तपणा जाणवू लागला, म्हणून दोनदा सलाईन लावली. नंतर संडासला काळे झाले आणि एका सकाळी ते चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन 6.8 भरले. दोन पिशव्या रक्त दिले, आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण असल्याचे निघाले. रक्त वाहत असल्यामुळे त्या वेळी तुकडा काढला नाही. जंतूची चाचणी निगेटिव्ह आली. घरी येऊन आता तीन आठवडे झाले. ॲस्पिरिन पाच दिवसांनी पुन्हा सुरू करा असे डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, पण थोरल्या भावाने भीतीपोटी ती सुरूच केली नाही. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायला सांगितले आहे, आणि नातेवाईकांच्या मते तो पैसे काढण्याचा प्रकार आहे. वडिलांचे पोट कधीही दुखले नव्हते, मग हा अल्सर झालाच कसा? सध्या दूधभातच देत आहोत. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ही गोळी फार दिवस घेतली की किडनी आणि हाडे खराब होतात असे ऐकले आहे. गुडघ्यासाठी आता काय द्यावे, हेही कळत नाही.

उत्तर : तुमच्या बाकीच्या प्रश्नांना थोडा अवधी आहे, परंतु ॲस्पिरिनच्या प्रश्नाला नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. ज्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड लिहिले त्यांना किंवा वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा, कार्डावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, गोळी तीन आठवडे बंद असल्याचे स्पष्ट सांगा आणि ती कधी सुरू करायची हे विचारून घ्या. ॲस्पिरिनची एक गोळी रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट या पेशींना त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निष्क्रिय करते, आणि हे आयुष्य साधारण सात ते दहा दिवसांचे असते. गोळी बंद केल्यावर नव्या प्लेटलेट तयार होत जातात आणि दहाएक दिवसांत स्टेंटला मिळणारे संरक्षण जवळजवळ संपते. म्हणजे तुमचे वडील या क्षणी त्या संरक्षणाविना आहेत.

तुमच्या भावाची भीती मला पूर्ण समजते. ज्या गोळीने रक्त गेले असे सांगितले जाते, तीच गोळी पुन्हा वडिलांच्या हातावर ठेवणे कोणत्याही मुलाला जड जाईल. पण हा तराजू प्रत्यक्ष तोलून पाहिला गेला आहे. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या आणि अल्सरमधून रक्तस्राव झालेल्या 156 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवल्यावर आणि पॅन्टोप्राझोल सुरू असताना काहींना ॲस्पिरिन लगेच दिली, तर काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण थोडे अधिक होते (10.3 टक्के, विरुद्ध 5.4 टक्के). मात्र आठ आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात 1.3 टक्के होते आणि ॲस्पिरिन न घेणाऱ्यांमध्ये 12.9 टक्के. व्रणातून पुन्हा रक्त आले तर ते दुर्बिणीतून बहुधा थांबवता येते. स्टेंट अचानक बंद पडला तर तितका वेळ हाती राहत नाही. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात कधीच झालेला नाही आणि केवळ काळजी म्हणून ॲस्पिरिन चालू आहे, अशा वृद्धांची गोष्ट निराळी. त्यांची ॲस्पिरिन रक्तस्रावानंतर बहुतेक वेळा कायमची थांबवली जाते. तुमच्या वडिलांना स्टेंट असल्यामुळे ते त्या गटात बसत नाहीत.

ॲस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी द्या, ती पोटाला सौम्य असते, असा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. रक्तस्राव होऊन गेलेल्या रुग्णांत याचीही तुलना झाली आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी 8.6 टक्के लोकांना अल्सरमधून पुन्हा रक्तस्राव झाला, तर ॲस्पिरिनसोबत आम्ल कमी करणारी एसोमेप्राझोल घेणाऱ्यांपैकी केवळ 0.7 टक्के लोकांना. त्यामुळे निव्वळ गोळी बदलून काही साधत नाही; सोबत आम्ल कमी करणारे औषध असणे, ते रोज घेतले जाणे, हेच महत्त्वाचे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. पोट दुखले नाही म्हणून निदान चुकले असेल का, ही शंका तुमच्या पत्रात उघड लिहिलेली नसली तरी ती मला जाणवते. निदान चुकलेले नाही. तरुण माणसाला अल्सर झाला की बेंबीच्या वर जळजळते, उपाशीपोटी दुखते, रात्री जाग येते, आणि या लक्षणांमुळे तो डॉक्टरकडे जातो. वयाच्या सत्तरीनंतर हे चित्र बदलते. आतील अवयवांची वेदना जाणवण्याची क्षमता मंदावते, मधुमेह असेल तर ती आणखी कमी होते, आणि ज्या वेदनाशामक गोळ्यांमुळे व्रण होतो त्याच गोळ्या त्या व्रणाचे दुखणेही झाकतात. त्यामुळे अनेक वृद्धांमध्ये अल्सरचे पहिलेच लक्षण म्हणजे काळी, डांबरासारखी चिकट संडास, किंवा चक्कर, किंवा एकाएकी व्रण फुटून पोटात झालेला गंभीर बिघाड. त्याआधी जे दिसते ते इतके साधे असते की घरातील माणसे त्याला वय झाल्याचे लक्षण समजतात : भूक मंदावणे, थोडे जेवले तरी पोट भरणे, वजन उतरणे, चढ चढताना धाप लागणे, दिवसभर पडून राहावेसे वाटणे.

वडिलांच्या बाबतीत ते आठवडे सलाईनमध्ये गेले. मी कोणाला दोष देत नाही, परंतु हे सर्व वाचकांसाठी आवर्जून लिहितो : सत्तरी ओलांडलेल्या, वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाला नव्याने अशक्तपणा आला, तर सलाईन लावण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासले पाहिजे आणि संडासचा रंग विचारला पाहिजे. सलाईनमध्ये पाणी, मीठ आणि फार तर साखर असते. गेलेले रक्त त्यातून परत येत नाही. वृद्ध पुरुषाच्या रक्तात लोह कमी आढळले तर केवळ लोहाच्या गोळ्या लिहून देऊन थांबू नये, रक्त कोठून जात आहे याचा शोध घ्यावा. आणखी एक बाब तुमच्या वडिलांना नेमकी लागू पडते. शरीरातून रक्त गेले की नाडी वेगाने चालू लागते आणि डॉक्टर सावध होतात. पण मेटोप्रोलोल हे औषध नाडीचा वेग वाढू देत नाही. म्हणून पुढे कधी शंका आली आणि नाडी 70 भरली, तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. अंथरुणातून उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, उभ्याने घेतलेला रक्तदाब झोपून घेतलेल्या रक्तदाबापेक्षा बराच उतरतो का, हे पाहावे.

व्रण कशामुळे झाला याचे उत्तर बहुधा मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत आहे. तुम्ही नावे कळवलेली नाहीत, परंतु गुडघ्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी एखादे औषध बहुतेक वेळा असतेच, आणि अनेकदा ते पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते. जठराचे आतील अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या आधाराने स्वतःचे रक्षण करते. त्यांच्यामुळे अस्तरावर चिकट थर टिकतो, आम्ल निष्प्रभ करणारे क्षार पाझरतात आणि अस्तराला पुरेसा रक्तपुरवठा होतो. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची वेदनाशामके या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे इंग्लंडमधील संशोधक जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवून दिले आणि 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्याची सूज उतरते ती याच कारणाने, आणि जठर उघडे पडते तेही याच कारणाने. एकट्या ॲस्पिरिनने धोका असतोच. तिच्या जोडीला दुसरे वेदनाशामक आले की तो पुष्कळ वाढतो, आणि वय जितके अधिक तितका तो गंभीर.

याच ठिकाणी एक समजूत खोडून काढणे भाग आहे, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात आढळते. गोळी जेवणानंतर घेतली की पोटाला काही होत नाही, असे मानले जाते. जेवणानंतर घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते एवढेच. औषध आतड्यातून रक्तात जाते आणि रक्तातून पुन्हा जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचते, त्यामुळे पोट भरलेले असले तरी व्रणाचा धोका टळत नाही. हेच कारण इंजेक्शनलाही लागू पडते, आणि आवरण असलेल्या ॲस्पिरिनलाही. जठरात न विरघळणारी गोळी म्हणून ती सुरक्षित, असे समजू नये.

जंतूच्या चाचणीविषयी तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे, पण ती बाब सोडून देण्यासारखी नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तरावर वर्षानुवर्षे राहतो आणि अल्सरचे दुसरे प्रमुख कारण तोच आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी त्याचा शोध लावला. त्यापूर्वी मानसिक ताण आणि तिखट यांनाच मुख्य दोषी मानले जाई. 2005 साली या दोघांना नोबेल मिळाले. आपल्याकडे हा संसर्ग अतिशय व्यापक आहे, आणि ज्याच्या पोटात तो आहे त्याने वेदनाशामके घेतली तर दोन्हींचा धोका एकत्र येतो. मात्र रक्तस्राव चालू असताना आणि पॅन्टोप्राझोल सुरू असताना केलेली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ती पुन्हा करावी असा आग्रह धरा. संडासच्या नमुन्यावरून किंवा श्वासावरूनही ही चाचणी होते, परंतु तिच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल थांबवावी लागते आणि चार आठवडे अँटिबायोटिक चालत नाहीत. व्रण भरण्यापूर्वी घरच्या घरी पॅन्टोप्राझोल थांबवणे तुमच्या वडिलांसाठी धोक्याचे ठरेल, त्यामुळे चाचणी कधी करायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. जंतू सापडला तर बहुधा 14 दिवसांचा, दोन-तीन अँटिबायोटिकांचा कोर्स असतो. तोंड कडवट होते, पोट बिघडते आणि माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून तो सोडतो. तसे होऊ देऊ नका. कोर्स संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करणारी चाचणीही लागते.

दुसरी दुर्बीण पैसे काढण्यासाठी सांगितलेली नाही, हे मी ठामपणे लिहितो. व्रण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असता, तर सहसा पुन्हा दुर्बीण लागली नसती, कारण तेथील व्रण कर्करोगाचा क्वचितच असतो. जठरातील व्रणाचे तसे नाही. जठराचा कर्करोग कधीकधी साध्या व्रणासारखाच दिसतो, आणि आम्ल कमी करणाऱ्या औषधाने तोही वरवर भरल्यासारखा वाटू शकतो. एरवी पहिल्याच वेळी कडेचे तुकडे काढून तपासले जातात. वडिलांचे रक्त वाहत असल्यामुळे डॉक्टरांनी ते टाळले. त्यामुळे दुसरी तपासणी इतरांपेक्षा तुमच्या वडिलांना अधिक आवश्यक आहे. जठराचा व्रण भरायला साधारण आठ आठवडे लागतात, म्हणूनच दोन महिन्यांची तारीख दिली आहे. मी तुम्हाला कर्करोगाची भीती घालत नाही. त्यांच्या औषधांचा इतिहास पाहता हा व्रण गोळ्यांचाच असण्याची शक्यता अधिक वाटते, पण शक्यतेवर विसंबून तुकडा न तपासणे योग्य होणार नाही. तपासणी काही मिनिटांची असते, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. ॲस्पिरिन सुरू असताना जठराचा तुकडा काढता येतो, त्यासाठी ती परस्पर बंद करू नका.

पॅन्टोप्राझोलबद्दल तुम्ही ऐकलेले अगदी निराधार नाही. वर्षानुवर्षे घेणाऱ्या काही लोकांत बी-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी झालेले आढळते, हाडे मोडण्याच्या आणि किडनीच्या तक्रारींशीही तिचा संबंध जोडला गेला आहे. ज्यांना तिची गरज नाही, लग्नाचे जेवण जड झाले म्हणून सुरू झालेली गोळी ज्यांनी चार वर्षे सोडलेली नाही, त्यांच्यासाठी हा विचार महत्त्वाचा आहे. परंतु रक्तस्राव होऊन गेलेल्या आणि ॲस्पिरिन आयुष्यभर घ्यावी लागणाऱ्या 76 वर्षांच्या माणसासाठी हिशेब स्पष्टपणे गोळीच्या बाजूने आहे. जोवर ॲस्पिरिन, तोवर तीही, असेच बहुधा तुमचे डॉक्टर सांगतील. बी-12 आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ताची चाचणी) वर्षातून एकदा तपासून घ्या. गोळी सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी द्यावी, कारण जेवणामुळे आम्लाचे उत्पादन सुरू होते त्या वेळी ती रक्तात हजर असावी लागते. जेवणानंतर दिलेल्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि ती डॉमपेरिडोन या मळमळीवरील औषधासोबत एकत्र असलेली कॅप्सूल नाही ना, हे पाकिटावर वाचून पाहा. साठीनंतर, विशेषतः हृदयविकार असलेल्यांत, डॉमपेरिडोनने हृदयाची लय बिघडण्याचा धोका अधिक असतो.

दूधभाताची शिक्षा संपवायला हरकत नाही. शिकागोच्या बर्ट्राम सिपी यांनी 1915 मध्ये अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध आणि साय देण्याची पद्धत मांडली आणि ती अनेक दशके जगभर चालली. दुधाने थोडा वेळ बरे वाटते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे नंतर आम्ल अधिक सुटते, हे पुढे कळले. वडिलांना भाकरी, भाजी, डाळ, उसळ, आणि ते खात असतील तर अंडी व मासे द्या. गेलेले रक्त भरून काढायला त्यांना प्रथिने आणि लोह हवे आहे, आणि ते दूधभातातून पुरेसे मिळत नाही. ज्या पदार्थाने त्यांना स्वतःला त्रास होतो तेवढा टाळा. विडी ओढत असतील तर ती मात्र बंद झालीच पाहिजे, कारण धुराने व्रण भरायला वेळ लागतो. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चहासोबत देऊ नका. लिंबूपाण्यासोबत दिल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते.

लोहाच्या गोळ्यांनी संडासचा रंग काळा होतो आणि घरचे लोक घाबरतात, हेही येथेच सांगतो. लोहामुळे येणारा काळेपणा हिरवट छटेचा असतो आणि शौच घट्ट असते. रक्तामुळे झालेली संडास डांबरासारखी चकचकीत, चिकट, भांड्याला धरून राहणारी आणि एकदा अनुभवली की विसरता येणार नाही अशा उग्र वासाची असते. फरक कळत नसेल तर तर्क करत बसू नका, त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासा. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी, भोवळ, छातीत दुखणे, धाप, किंवा पोटात एकाएकी उठलेली आणि न थांबणारी कळ यांपैकी काहीही झाले तर दिवस उजाडण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. वृद्धांमध्ये व्रण फुटल्यावरही पोट फारसे कडक होत नाही आणि वेदना अपेक्षेपेक्षा सौम्य असू शकते, म्हणून दुखणे किती तीव्र आहे यावरून निर्णय घेऊ नका.

राहिला गुडघा, आणि मला वाटते खरी लढाई तेथेच आहे, कारण गुडघा दुखत राहिला तर वडील पुन्हा मेडिकलकडेच जातील. डायक्लोफेनॅक आणि तिच्या जातीच्या सर्व गोळ्या व इंजेक्शने त्यांच्यासाठी आता वर्ज्य आहेत. एटोरीकॉक्सिब ही गोळी पोटाला सोसते म्हणून सुचवली जाईल, परंतु तिच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो आणि स्टेंट असलेल्या माणसाला ती देऊ नये. साधी पॅरासिटामॉल त्यांना चालेल. यकृत ठीक असेल तर दिवसभरात मिळून 3 ग्रॅमच्या आत, आणि वजन कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. डायक्लोफेनॅकचे मलम गुडघ्यावर लावल्यास फार थोडे औषध रक्तात जाते, त्यामुळे तेही डॉक्टरांना विचारून वापरता येईल. पण खरा टिकाऊ आराम मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या व्यायामाने मिळतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून रोज करावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. बहुतेक लोक उलट धरतात. उकिडवे बसणे थांबवा आणि घरात कमोडची सोय करा. इतके करूनही चालणे कठीण असेल तर हाडांच्या डॉक्टरांचे मत घ्या. तेथे सर्वांत आधी अल्सर आणि स्टेंट या दोन्ही गोष्टी सांगा.

शेवटी बाजारातल्या पुड्यांबद्दल. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेले असल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो तो बहुधा त्यामुळेच, आणि स्टेरॉइड व वेदनाशामक एकत्र आल्यास अल्सरचा धोका फार वाढतो. शिवाय स्टेरॉइड बरेच महिने पोटात गेले असेल आणि ते एकदम बंद झाले, तर शरीर स्वतःचे स्टेरॉइड पुरेसे बनवू शकत नाही आणि थकवा, उलट्या, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसतात. रक्त भरूनही वडिलांचा अशक्तपणा हटत नसेल तर हे कारण तपासावे लागेल, सकाळच्या कॉर्टिसोलच्या (शरीर स्वतः बनवते त्या स्टेरॉइडच्या) चाचणीने त्याचा अंदाज येतो. पुड्या किती महिने आणि दिवसातून किती वेळा घेतल्या हे वडिलांना न रागावता विचारा, कारण रागावल्यास ते खरे सांगणार नाहीत. एखादी पुडी किंवा तिचा नुसता कागद घरात सापडला, तर तो पुढच्या तपासणीला सर्व गोळ्यांच्या पाकिटांसोबत घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर ठेवा.